रद्दीच्या तागडींतील इतिहास

दिवाळीच्या झाडलोटींत आमच्या व्यापारी बंधूंच्या माळ्यांवरून जुन्या वह्यांचे गठ्ठे खालीं येतात. लक्ष्मीपूजनास नव्या वहीवर हळदकुंकू वाहिलें जातें आणि आजोबांची वही रद्दीवाल्याच्या तागडींत पडते. मोडी वाचतां येत नाहीं, मग ठेवून काय करावयाचें, असें ते विचारतात. आपणांस वाचतां येत नाहीं म्हणून दस्तऐवज फाडा, असा सल्ला कोणताही वकील अशिलास देणार नाहीं ! मोडी वाचणारे अद्याप आहेत. फाटलेली वही मात्र पुन्हां मिळत नाहीं.

कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे असल्याच कागदांसाठीं गांवोगांव हिंडले. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला; पुढें एकूण २२ खंड झाले. सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या साह्यानें त्यांनीं ७ जुलै १९१० रोजीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. तेथील पाक्षिक सभांनीं कागद जपण्याची गोडी लाविली. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यास वारले, तों पुढच्याच वर्षीं धुळेकरांनीं त्यांच्या संग्रहासाठीं निराळें मंडळ उभें केलें. पुण्याबाहेरही हें काम होतें, तें असें.

परंतु या उद्योगांत एक उणीव राहिली. कागद ज्याच्या घरीं, इतिहास त्याचा ! सनदा सरदारांच्या, वतनपत्रें देशमुख-कुळकर्ण्यांचीं. ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेविलें, त्यांच्या घरीं दप्तर कोठून निघणार ? त्यांचीं नांवें आढळलींच तर व्यापाऱ्याच्या वहींत आढळतात : हमालाची मजुरी, साळ्याला दिलेलें सूत, दुष्काळांत गहाण पडलेलें घर. बाकीचें सर्व म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं.

तोंडी साक्ष हाही पुरावाच होय. मीनाक्षी मून व ऊर्मिला पवार यांनीं आंबेडकरी चळवळींतील स्त्रियांच्या हकीकती त्यांच्याच तोंडून मिळविल्या. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हें पुस्तक १९८९ सालीं निघालें. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. आणखी दहा वर्षें दवडलीं असतीं तर साक्षीदार किती उरते ?

म्हणून ठिकठिकाणच्या इतिहास मंडळांस आमची सूचना आहे. महिन्यांतून एक सभा दिवाणखान्याऐवजीं तेली आळींत, साळीवाड्यांत, बौद्धवाड्यांत भरवावी, आणि तेथें आपण न बोलतां ऐकून लिहून घ्यावें. शिवचरित्रावरील दहावें व्याख्यान एक वर्ष तहकूब राहिल्यानें छत्रपतींस कमीपणा येणार नाहीं. व्यापारी बंधूंनीं वही देववत नसेल तर छायाचित्रें तरी घेऊं द्यावीं. पण यंदाच्या दिवाळींत ती तागडींत घालूं नये.