पानातील भाताची मूद

"जेवण झाले का?" हे बंगाली माणूस "भात खेयेछो?" अशा शब्दांत विचारतो. हिंदी भाषिकाच्या तोंडी संसाराचे दुसरे नाव 'दाल-रोटी' आहे, आणि आपण मराठी माणसे गरिबीतल्या समाधानाला 'मीठभाकर' म्हणतो. भारतातील बहुतेक भाषांत धान्य आणि जेवण हे शब्द असे एकमेकांत मिसळून गेले आहेत. शब्दांचे ठीक आहे. प्रश्न आहे तो पानाचा. वाचकहो, आज रात्री जेवायला बसल्यावर आपल्या पानाकडे क्षणभर नीट पाहा. त्यातील किती भाग भाताने, पोळीने किंवा भाकरीने व्यापला आहे, आणि वरण, भाजी, कोशिंबीर यांच्या वाट्याला किती जागा आली आहे, याचा अंदाज घ्या.

हा अंदाज घेण्यास सांगण्याचे कारण आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीच्या आधारे २०२५ मध्ये आपल्या आहाराचा हिशेब मांडण्यात आला. त्यात असे दिसले, की भारतीय प्रौढ माणसाच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून, म्हणजे तांदूळ, गहू, साखर अशा पिष्टमय व गोड पदार्थांतून येतात. प्रथिनांचा वाटा जेमतेम १२ टक्के भरतो. दोन हजार उष्मांकांचा आहार धरला, तर ही कर्बोदके दिवसाला सुमारे ३१० ग्रॅम होतात. पाश्चात्त्य वैद्यक ज्याला कमी कर्बोदकांचा आहार म्हणते, त्याची मर्यादा सामान्यतः दिवसाला १३० ग्रॅमच्या आत धरली जाते. एवढी मोठी उडी सर्वांनी घ्यावी असे कोणी म्हणत नाही. पण ३१० आणि १३० यांच्या दरम्यान पुष्कळ पायऱ्या आहेत, आणि त्यांतील पहिल्या दोन-तीन पायऱ्या घरच्या स्वयंपाकघरातच उतरता येतात.

ही कल्पना नवी नाही. लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थाने पाव, साखर, बटाटे व बीअर सोडून आपला लठ्ठपणा कसा कमी केला, याची हकीकत १८६३ मध्ये एका पुस्तिकेत छापली होती. त्याच्याच एका आडनावबंधूने, फ्रेडरिक बँटिंगने, आपल्या सहकाऱ्यांसह १९२१ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिन शोधून काढले. त्यापूर्वी मधुमेह्याच्या पानातील धान्य कमी करणे हाच वैद्यांच्या हाती असलेला मुख्य उपाय होता.

आता आपल्याकडील एका दृढ समजुतीकडे वळू. घरात कोणाची साखर वाढली, की "भात बंद, पोळी बंद, आता ज्वारीची भाकरी" असा निर्णय होतो. ज्वारी चांगलीच आहे. तिच्यात कोंडा आहे, चव आहे, आणि कोरडवाहू शेतकऱ्याचे ते पीक आहे. परंतु तिच्या १०० ग्रॅम पिठात कर्बोदके असतात सुमारे ६८ ग्रॅम. गव्हाच्या कणकेत ती साधारण तितकीच असतात, आणि बाजरीत त्यांहून किंचित कमी. त्यातही एक मेख अशी, की पातळ फुलक्याला पीठ लागते २५-३० ग्रॅम, तर मध्यम भाकरीला ६०-७०. म्हणजे एक भाकरी ही हिशेबात दोन पोळ्यांच्या बरोबरीची झाली! दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकरी खाणाऱ्याने पथ्य केले नसून जेवण दुप्पट केले आहे. २०२५ च्या त्या अभ्यासातही हेच आढळले. पांढऱ्या तांदळाऐवजी वा मैद्याऐवजी अख्खा गहू अथवा भरडधान्य घेतल्याने, एकूण कर्बोदके तेवढीच राहिली तर, मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांचा काही भाग काढून तेथे डाळी, दूधदुभते यांतील प्रथिने आली, तेव्हा मात्र तो कमी आढळला. तेव्हा कोणते धान्य घ्यावे याच्या आधी किती घ्यावे हे ठरविले पाहिजे.

हे ठरविण्यास आपली वाढण्याची पद्धत मोठी सोयीची आहे. मराठी पानाला डावी व उजवी बाजू असते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या, उसळ, आमटी. मध्ये भाताची मूद आणि पोळी. आजवर डाव्या बाजूला आपण चमचाभर वाढत आलो. कोशिंबीर ही जणू पानाची वेलबुट्टी होती. हाच चमचा आता वाटीत बदलावयाचा. काकडी, मुळा, गाजर, कोबी यांपैकी जे हाताशी असेल ते चिरून, दाण्याचे कूट व दही घालून प्रत्येकाला वाटीभर द्यावे. उजवीकडील भाजी दुप्पट करावी, वरण पातळ न ठेवता घट्ट करावे. एवढे पोटात गेल्यावर मूद आपोआप लहान होते; त्यासाठी मनाशी झगडावे लागत नाही. आधी भाजी व वरण खाऊन भात-पोळी शेवटी घेतल्यास जेवणानंतर साखर कमी चढते, असेही काही लहान प्रयोगांत दिसून आले आहे.

भाताविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण खरी मोहिनी त्याचीच. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात. आपल्या रीतसर जेवणात आरंभी वरणभात, मध्ये आमटीभात किंवा मसालेभात आणि शेवटी ताकभात, असे भाताचे तीन फेरे होतात. यांपैकी एकच ठेवावा. कोणता, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे मत विचाराल, तर तूप व लिंबू पिळलेली वरणभाताची लहान मूद राखावी आणि शेवटी ताक पेल्यातून प्यावे. ताकाला भाताची सोबत लागतेच असे नाही. जिरे, आले व कोथिंबीर घातली की ते स्वतःच्या पायावर उभे राहते.

ज्यांना शेवटच्या दहीभाताशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही, त्यांच्यासाठी फ्लॉवरचा किस आहे. मध्यम आकाराच्या फ्लॉवरचे तुरे काढून कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावेत, म्हणजे आळ्या असल्यास निघून जातील. नंतर ते फडक्यावर पूर्ण कोरडे करावेत. येथे आळस केला तर पुढे लगदा होतो. किसणीच्या मोठ्या भोकांवर किसावे. कढईत दोन चमचे तेलाची मोहरी, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची व चमचाभर उडदाची डाळ घालून फोडणी करावी, किस टाकावा आणि मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटे परतावा. झाकण ठेवू नये. मीठही अगदी शेवटी घालावे, कारण ते आधी घातल्यास पाणी सुटते. निवल्यावर घट्ट दही व आले मिसळावे. हा भात आहे असे मात्र कोणाला सांगू नये. घरातील आजोबा पहिल्या घासालाच ओळखतील, आणि मग चांगल्या पदार्थाचेही नाव खराब होईल. पहिल्या आठवड्यात निम्मा भात व निम्मा किस असे मिश्रण केल्यास जिभेला वळण पडते.

न्याहारीचा प्रश्न याहून अवघड आहे. पोहे, उपमा, इडली, पाव, पराठा या साऱ्यांत धान्यच मुख्य. येथे आंध्रातील शेजाऱ्यांकडे पाहावे. त्यांचा पेसरट्टू म्हणजे अख्ख्या हिरव्या मुगाचे घावन. वाटीभर मूग रात्री भिजत घालावेत, सकाळी आले, मिरची, जिरे व मीठ घालून बारीक वाटावेत आणि तव्यावर पातळ पसरावेत. पीठ आंबविण्याची गरज नाही. वरून कांदा-कोथिंबीर पेरून कडेने थोडे तेल सोडले, की पाच-सहा घावने होतात. मुगातही कर्बोदके आहेत, हे लपविण्याचे कारण नाही; परंतु १०० ग्रॅम मुगात २२-२४ ग्रॅम प्रथिने व भरपूर चोथा असतो, त्यामुळे दोन घावनांत पोट भरते. उत्तरेकडे याच कल्पनेचा मुगाच्या डाळीचा चिल्ला करतात, आणि आपल्याकडे बेसनाचे धिरडे आहेच. ज्या घरी अंडे चालते तेथे कांदा-टोमॅटोची भुर्जी दहा मिनिटांत होते. अंड्यात कर्बोदके नावालाही नसतात. अंडे न खाणाऱ्यांनी तशीच भुर्जी पनीरची करावी. मोड आलेल्या मटकीची उसळ लिंबू पिळून नुसती चमच्याने खाल्ली, तर पावाची आठवण होत नाही असे मी म्हणणार नाही. पण चौथ्या-पाचव्या दिवशी ती पुसट होते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर शेजारची कढई ही मोठीच ठेव आहे. केरळी शेजारणीकडून कोबी किंवा फरसबीचे तोरन शिकावे. ओल्या खोबऱ्यामुळे ती भाजी नुसती खाता येते. तामिळ घरातील कूटू हा भाजी आणि डाळ यांचा असा संयोग आहे, की वाटीभर कूटू पुरे. पंजाबचा सरसोंचा साग उत्तमच. मात्र त्याच्याबरोबरची मक्याची रोटी हीदेखील धान्यच आहे, तेव्हा ती चतकोर घ्यावी. कोकणात आणि बंगालमध्ये मासे भातावाचून खाणे हा अपराध समजतात. तेथे एवढेच करावे, की माशाचे तुकडे व रस्सा आधी वाटीत घ्यावा आणि भात नंतर. इंदूर, उज्जैनकडील वाचकांना सोयाबीनविषयी सांगावयास नको. सोयाबीनच्या वड्यांत निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. गरम पाण्यात भिजवून, दोनदा घट्ट पिळून, कांदा-लसणाच्या वाटणात शिजविल्या म्हणजे त्यांचा उग्र वास राहत नाही.

येथे कोणी विचारील, की हे सारे परवडावे कसे? प्रश्न रास्त आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिकाधारकाला दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. भाजी, डाळ, दूध मात्र बाजारभावाने घ्यावे लागते. मग ज्या घरी पैसा थोडा, तेथे पान धान्याकडे झुकणारच; त्यात त्या घराचा दोष नाही. अशा घराला पनीर व बदाम सुचविणे म्हणजे थट्टा होय. भुईमुगाचे दाणे, फुटाणे, मटकी, ताक आणि हंगामातली पालेभाजी एवढ्यावर त्यांचे पुष्कळ काम भागते. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, दाण्यांतून सुमारे ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात दोन हजार उष्मांकांच्या आहारासाठी दिवसाला २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी व कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या आणि ३०० मिलिलिटर दूध वा दही असे प्रमाण सांगितले आहे. स्निग्धांश दृश्य स्वरूपात २७ ग्रॅमच. तेव्हा धान्य कमी केले म्हणून तुपाची धार सैल सोडावी, असा अर्थ कोणी काढू नये.

उपवासाच्या दिवशी तर सारा हिशेब उलटा होतो. साबुदाणा हा कंदाचा निव्वळ पिष्टांश आहे. १०० ग्रॅममध्ये सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके. त्यात बटाटा घालून आपण खिचडी करतो आणि तिला 'हलका फराळ' म्हणतो! वरी आणि राजगिराही पिष्टमयच. त्यापेक्षा दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याचे भरीत व दही यांवर एकादशी चांगली पार पडते, आणि शास्त्रालाही बाध येत नाही.

घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या व्यक्तीचा विचार या सर्वांत हटकून राहून जातो. बहुधा ती गृहिणीच असते. सर्वांचे आटोपेपर्यंत उसळ संपलेली असते आणि भात उरलेला असतो. उरलेले टाकवत नाही, म्हणून तिचे जेवण म्हणजे दोन मुदी भात व वरणाचे पाणी. तिच्या वाटणीची उसळ व कोशिंबीर पहिल्या वाढण्यापूर्वीच झाकून ठेवावी. हे काम घरातील इतरांनीही करण्यास हरकत नाही.

आता सावधगिरीचे दोन शब्द. जे इन्सुलिन टोचून घेतात किंवा साखर उतरविण्याच्या गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना न सांगता भात-पोळी निम्म्यावर आणू नये. औषध तेच राहिले व धान्य घटले, तर साखर एकदम खाली जाऊन थरथर, घाम, गोंधळल्यासारखे होणे असे प्रकार घडतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना प्रथिने वाढविणे बाधू शकते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि वाढती मुले यांचे धान्य तर वैद्यकीय सल्ल्यावाचून तोडूच नये. इतरांनीही पहिल्या पंधरवड्यात एक पोळी अथवा एक मूद एवढीच कपात करावी. ज्यांच्याकडे साखर मोजण्याचे यंत्र आहे, त्यांनी एक वही करावी. सकाळची अनशेपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर तीत लिहावी, शेजारी त्या वेळी पानात काय व किती होते ते लिहावे, आणि पुढच्या तपासणीला जाताना ती वही बरोबर न्यावी.