दम्याचा तीव्र झटका : प्रौढांतील तातडीची औषधयोजना

दम्याच्या रुग्णाची धाप एकाएकी किंवा काही तासांत वाढत जाऊन नेहमीच्या औषधांना दाद देईनाशी होते, त्या अवस्थेस तीव्र झटका म्हणतात. त्यात श्वासनलिकांच्या भित्तींतील अनैच्छिक स्नायू आकुंचन पावतात, आतील अस्तर शोथामुळे सुजते आणि चिकट श्लेष्म्याची बुचे नलिकांत अडकतात. स्नायूंचे आकुंचन काही मिनिटांत सैल करता येते. शोथ ओसरण्यास मात्र कित्येक तास, प्रसंगी दिवस लागतात. औषधयोजनेचा क्रम या फरकावर ठरतो.

न्यूयॉर्क येथे १९०३ साली दम्यासाठी ॲड्रेनॅलिनाची अंतःक्षेपणे देण्यात आली. आता झटक्यासोबत सर्व शरीरभर तीव्र ॲलर्जी उद्‌भवली असेल, तरच ते वापरतात. १९६९ मध्ये प्रचारात आलेले साल्ब्युटॅमॉल मुख्यत्वे श्वासनलिकांतील बीटा–२ ग्राहींवर क्रिया करते. पहिल्या तासात दर २० मिनिटांनी १०० मायक्रोग्रॅमचे ४ ते १० फवारे स्पेसरमधून, एकेक करून देतात किंवा नेब्युलायझरने २·५ ते ५ मिग्रॅ. मात्रा देतात. हातांना कंप सुटणे व छातीत धडधडणे हे त्याचे नेहमीचे उपद्रव होत. झटका जोराचा असल्यास इप्राट्रोपियमाची जोड देतात. रक्तातील ऑक्सिजन-संपृक्तता ९३ ते ९५ टक्के राहील इतपतच ऑक्सिजन पुरवितात.

फवाऱ्याने मिळणारा आराम फसवा असू शकतो. १९६०–७० या दशकात इंग्लंड व वेल्समध्ये आयसोप्रिनॅलिनाचे तीव्र फवारे सर्रास वापरले जात असता दम्याचे मृत्यू वाढले. औषधाचा हृदयावरील परिणाम याला कारणीभूत होता, की त्यावर विसंबून उपचारास झालेला उशीर, याविषयी मतभेद राहिले. परंतु आत शोथ वाढत असताना केवळ स्नायू सैल करीत राहण्यातला धोका उघड आहे. म्हणून कॉर्टिकोस्टेरॉइड पहिल्या तासातच सुरू करतात. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत कॉर्टिसोनाचा उपयोग दिसून आला होता. सध्या प्रेडनिसोलोन ४० ते ५० मिग्रॅ. रोज, ५ ते ७ दिवस तोंडाने देतात. गिळणे अशक्य असल्यास हायड्रोकॉर्टिसोन नीलेतून देतात. गुण दिसण्यास निदान ४ तास लागत असल्यामुळे सुरुवातीचा विलंब महाग पडतो.

एवढ्यानेही उतार न पडल्यास मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅ. नीलेतून २० मिनिटांत देतात. एकेकाळी नित्याचे असलेले ॲमिनोफायलीन विषारी परिणामांमुळे मागे पडले आहे. रुग्णाची तगमग पाहून शामक औषध देणे घातक ठरते, कारण त्याने श्वसनच मंदावते. छातीतील सूं सूं आवाज थांबणे, ग्लानी येणे किंवा धाप कायम असताना रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढू लागणे ही सुधारणेची नव्हे, तर श्वसन थकल्याची लक्षणे असून अशा रुग्णास कृत्रिम श्वसनाची सोय असलेल्या अतिदक्षता विभागात तत्काळ हलवावे लागते.