न मिळालेल्या बसची नोंद

बसचे वेळापत्रक ठरविताना मुख्य आधार असतो तो तिकीटविक्रीचा. मात्र तिकीट बस मिळालेल्या प्रवाशाचीच नोंद ठेवते. बस नसल्याने रिक्षाने गेलेला त्यात दिसत नाही. ही उणीव प्रवासशोधाच्या नोंदी भरून काढू शकतात. अमेरिकेतील पोर्टलंडच्या ‘ट्रायमेट’ने २००५ मध्ये आपले वेळापत्रक गुगलला पुरविले. अशा सेवेत कोठून, कोठे, केव्हा जायचे, हे प्रवासी स्वतःच सांगतो. रात्री दहानंतर रुग्णालय ते रेल्वे स्थानक हा शोध वारंवार निष्फळ ठरत असेल, तर शेवटची बस अर्धा तास उशिरा सोडण्याचा विचार करता येतो. अर्थात, शोध म्हणजे प्रवास नव्हे. शिवाय ज्यांच्या हाती स्मार्टफोन नाही, त्यांची गरज येथे उमटतच नाही. म्हणूनच तिकिटांचे आकडे आणि वाहकांचा अनुभव यांची जोड आवश्यक ठरते.