रक्तबीजाचा डाव

गेल्या दिवाळीच्या सुटीत पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याने अशोका गार्डनमधील आमच्या घराच्या गच्चीवर एक नवाच खेळ मांडला. पट नाही, सोंगट्या नाहीत; कागद, पेन्सिली आणि वीस पैलूंचा फासा, एवढेच साहित्य. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकन गृहस्थांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला, त्याच जातीचा हा कथाखेळ. एक जण सूत्रधार, बाकीचे वीर. सूत्रधार प्रसंग उभा करतो, वीर आपापली कृती सांगतात आणि घाव लागला की हुकला, याचा निवाडा फासा करतो.

दुसऱ्या दिवशी राक्षस रचण्याचे काम माझ्या धाकट्या कन्येकडे आले. तिने देवीमाहात्म्यातील रक्तबीज निवडला. प्रत्येक घावासरशी तितकाच बलाढ्य नवा रक्तबीज उपजणार; शिवाय त्याची नजर पडेल तो वीर तीन फेऱ्या शिळा होऊन राहणार! शेजारचा सहावीतला मुलगा पहिल्याच फेरीत शिळा झाला. वीस मिनिटे तो फासा मुठीत धरून बसला आणि मग "आई बोलावते आहे" म्हणून उठून गेला. आईने बोलावले नव्हते, हे आम्हां सर्वांनाच ठाऊक होते.

"मामा, यात हरणं आधीच ठरलेलं होतं," भाचा म्हणाला आणि त्याने हिशेब मांडला. चार वीरांचे घाव निम्म्या वेळा लागतात असे धरले, तर फेरीगणिक दोन घाव आणि दोन नवे राक्षस. तीन फेऱ्यांअखेर एकाचे सात. वीर मात्र चारच, त्यांतला एक शिळा. राक्षसाचे बळ नुसत्या प्रहारात नसते. एका फेरीत त्याला किती वेळा हात उगारता येतो, यावरही ते अवलंबून असते. म्हणून एकट्या राक्षसाला झुकते माप द्यावे लागते आणि झुंडीचे बळ कमी करावे लागते. त्या खेळाच्या २०१४ सालच्या नियमग्रंथात प्रौढ ड्रॅगनला इतरांच्या पाळीनंतर करावयाच्या तीन जादा कृती दिल्या आहेत. पण त्याचा अग्निश्वास एकदा सोडला, की सहा पैलूंच्या फाशावर पाच किंवा सहा पडल्यावाचून परत मिळत नाही. बळ द्यायचे, पण त्याला लगाम ठेवायचा.

हे ऐकताना मला माझी एक जुनी चूक आठवली. अनेक वर्षांपूर्वी एका शाळेत नवा असताना, मुलांचा आळस मोडावा म्हणून मी सहामाहीची प्रश्नपत्रिका मुद्दाम अवघड काढली. निम्म्याहून अधिक वर्ग नापास झाला. त्यांतला एक मुलगा पुढे शाळेत आलाच नाही. त्याचे रिकामे बाक मी वर्षभर पाहत होतो. मीही एक रक्तबीजच रचला होता.

आपल्या पुराणकारांना हे मर्म पुरते उमगले होते. हिरण्यकशिपूच्या वराला संध्याकाळची आणि उंबरठ्याची फट होती. रावणाने माणसाला तुच्छ मानून त्याच्यापासून अभय मागितलेच नाही. रक्तबीजाचे रक्त भूमीवर पडण्याआधी चामुंडेने प्राशन केले. १९७७ सालच्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या ग्रंथात आपला 'राक्षस' वाघाचे तोंड घेऊन गेला, तेव्हा साध्या शस्त्रांना न जुमानणाऱ्या त्यालाही मंत्रवलेल्या बाणाने मरण ठेवलेले होते. फट नसलेला वर कथेला पुढे सरकूच देत नाही. आणि ती फट असून भागत नाही. शोधणाऱ्याला तिचा माग लागला पाहिजे.

त्या रात्री कन्येने रक्तबीज पुन्हा लिहिला. नवे राक्षस एका घावात मरतील आणि त्यांच्या रक्तातून पुढे कोणी उपजणार नाही. आगीने भाजलेल्या जखमेतून रक्त सांडणार नाही. नजरेने वीर शिळा होण्याऐवजी फक्त एक फेरी जागचा हलू शकणार नाही. बोलणे आणि बाण सोडणे त्याला मोकळे राहील. शिवाय युद्धाआधी गावातली एक म्हातारी सांगेल, की साऱ्या गल्लीत राक्षस उपजले, लोहाराच्या दारी मात्र एकही नाही.

सकाळी कन्या स्वतः जाऊन त्या मुलाला घेऊन आली. डाव रंगला, दोन वीर घायाळ झाले. याचे पाय खिळले होते. बराच वेळ गप्प राहून तो एकदम म्हणाला, "ताई, लोहाराकडे भट्टी असते ना? मी बाणाला आग लावतो." फाशावर सतरा पडले. गच्चीवर जो गलका झाला, तो खालच्या रस्त्यापर्यंत गेला असावा.

आता वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका तपासणीसाठी माझ्या टेबलावर येतात, तेव्हा अवघड प्रश्न मी खोडत नाही. त्यात कुठे लोहाराचे दार ठेवले आहे का, तेवढे पाहतो.