मोटारसायकलची साखळी आणि वंगण

ग्रामीण भागात फिरतीवर असणाऱ्या कर्मचाऱ्यांना मोटारसायकलची साखळी बहुधा ती कुरकुरू लागल्यावरच आठवते. तोवर आतील पिना झिजलेल्या असतात. आणि धावत्या गाडीची साखळी तुटून अडकली, तर मागचे चाक जागीच जखडते. डांबरी रस्त्यावर साधारणतः ५०० किलोमीटरनंतर वंगण द्यावे. कच्च्या रस्त्यावर मात्र अंतर मोजत बसू नये. गाडी चिखलातून वा ओढ्यातून गेली, की त्याच दिवशी साखळी रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरडी करावी. इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवीत, साखळीच्या आतील बाजूस ९० नंबरचे गिअर ऑईल थेंबथेंब सोडावे. वरवर राहिलेले तेल पुसणे अगत्याचे आहे. त्यावर धूळ बसली, की ते कानशीचे काम करते. जळके इंजिन ऑईल वापरण्याची चाल सर्रास आढळते. ती काटकसर नव्हे. त्या तेलात धातूचा कीस असतो.