दारातल्या मोत्यालाही सुई द्या



बैठकीत "शेळ्यांना पीपीआरची लस दिली का?" असं विचारलं की पटापट हात वर होतात. कोंबड्यांची मानमोडीची लसही बऱ्याच जणींना ठाऊक आहे. दावणीला लालकंधारी गाय असली तर बघायलाच नको, तिचं सगळं तोंडपाठ. पण कुत्र्याचं विचारलं की हसायला येतं. "मॅडम, कुत्र्याला कुठं सुई देत असतेत का?"

देतात, आणि द्यायलाच पाहिजे. शेळी गेली तर पैशाचं नुकसान होतं. कुत्रं पिसाळलं तर घरातलं माणूस जातं. जगात दरवर्षी अंदाजे ५९ हजार माणसं रेबीजनं मरतात, त्यात दहातली चार १५ वर्षांखालची लेकरं. लेकरंच कुत्र्याच्या गळ्यात पडतात, आणि ओरखडा निघाला तरी रागावतील म्हणून सांगत नाहीत.

हा रोग लाळेतून येतो. चावा, नखाचा ओरखडा, किंवा जखमेवर चाटणं, एवढं पुरे. विषाणू नसांमधून हळूहळू मेंदूकडे जातो. त्याला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी कमी, कधी जास्त. माणसाला लस द्यायची ती याच वेळेत. पाणी बघून घशात आवळायला लागलं की मग कोणत्याच दवाखान्यात इलाज नाही.

कुत्र्याच्या पिलाला तीन महिन्यांचं झालं की पहिली सुई, साधारण महिन्यानं दुसरी, मग दरवर्षी एक. मांजरालाही तसंच. "आमचं कुत्रं आखाड्यावरच असतं" म्हणू नका, कोल्हा आणि मोकाट कुत्री तिथंच भेटतात. जनावर आजारी असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. सुई देताना रोज भाकर टाकणाऱ्या माणसानंच त्याला धरावं, तोंडाला मऊ ओढणी सैलसर बांधावी, लेकरं लांब ठेवावीत. लस मेडिकलमधून आणायची असेल तर बर्फातच आणा, उन्हात पिशवीत लोंबकळत आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. तारीख कार्डावर लिहून घ्या.

आता चावलंच तर? चटणी, चुना, हळद काही भरू नका. एका ताईनं लेकराच्या पायाला चटणी भरली होती. जखम भाजली, दिवस वाया गेला. नळाखाली नाहीतर तांब्यानं पाणी ओतत साबण लावून १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून बघा, १५ मिनिटं लई असतात. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, तिथं लस फुकट असते. जखम खोल असेल तर जखमेतच आणखी एक औषध टोचतात, ते विचारून घ्या. डोस चार-पाच असतात, महिनाभर चालतात. दोन घेऊन बरं वाटलं म्हणून सोडू नका. आपल्या कुत्र्याला लस दिलेली असली तरी चावल्यावर डॉक्टरांना दाखवायचंच.

पिसाळलेलं कुत्रं गाय-म्हशीला चावलं तरी ढोराच्या डॉक्टरांना लगेच कळवा, तिलाही सुया लागतात. तिचं कच्चं दूध कुणाला देऊ नका.

पुढच्या बैठकीला येताना वहीत लिहून आणा: घरी कुत्री-मांजरं किती, शेवटची सुई कधी. सीआरपी ताईंनी ग्रामसंघाची एकच यादी करावी, ती घेऊन मी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाते. एका गावाचं एकाच दिवशी झालं तर डॉक्टरांनाही सोपं जातं.