मोठ्या कंपनीत नवा माल का अडतो?

आधी आमचा एक तजुर्बा सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या मिलने आमच्याकडे शर्टिंगचा नवा नमुना मागितला. आमच्या कारागिराने आठ दिवसांत तो विणून दिला. मग तो नमुना या खात्यातून त्या खात्यात फिरत राहिला. डिझाईनवाल्यांना पसंत पडला, उत्पादन खात्याला सूत पटले नाही, खरेदीवाल्यांना भाव जड वाटला. होकार आला तेव्हा सीझन संपला होता. मिलचे फारसे काही बिघडले नाही. कारागिराची मेहनत मात्र पाण्यात गेली.

मोठ्या कंपनीचा हा स्वभावच आहे, असे आम्ही तेव्हा मानले. पण या मर्जावर इलाज आहे, आणि तो ज्या कंपनीने चालवून दाखवला तिची सुरुवात मागापासूनच झाली आहे.

जपानची टोयोटा आज मोटारींसाठी मशहूर आहे. तिच्या घराण्यातील साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये असा माग पूर्ण केला, की तो चालू असतानाच धोटा आपोआप बदलत असे. त्यांचे चिरंजीव किइचिरो यांनी १९३३ मध्ये माग बनवणाऱ्या कारखान्यातच मोटारीचे खाते उघडले. १९३७ मध्ये त्याची स्वतंत्र कंपनी झाली.

मोटारीत हजारो भाग असतात. इंजिनवाले, बॉडीवाले, कारखान्यातले, हिशेबवाले, विक्रीवाले, प्रत्येक खाते आपल्या जागी बरोबरच असते. पण एकाने केलेला बदल दुसऱ्याला उशिरा कळतो. दोष कोणाचाच नसतो आणि मालाला वालीही कोणी नसतो.

यावर टोयोटाचा पहिला इलाज म्हणजे एका गाडीमागे एक जबाबदार मुख्य इंजिनिअर. १९५५ मध्ये आलेल्या क्राउन गाडीसाठी केन्या नाकामुरा यांनी हे काम पाहिले. गिऱ्हाईकाला काय हवे इथपासून गाडीच्या खर्चापर्यंत साऱ्याचा जवाब मुख्य इंजिनिअरने द्यायचा. गंमत अशी, की खात्यांतली माणसे त्याच्या हाताखाली नसतात. हुकूम चालत नाही. पटवून द्यावे लागते.

दुसरा इलाज प्रियस गाडीच्या वेळी सापडला. पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या या गाडीचे काम ताकेशी उचियामादा यांच्याकडे आले. मुख्य इंजिनिअर म्हणून हे त्यांचे पहिलेच काम. सगळे ज्ञान आपल्याकडे नाही हे ओळखून त्यांनी निरनिराळ्या खात्यांचे जाणकार एका मोठ्या खोलीत आणले. जपानीत तिला ‘ओबेया’ म्हणतात. कामाचा आराखडा, तारखा आणि अडचणी साऱ्यांच्या डोळ्यांसमोर. निर्णय तिथल्या तिथे. वाट सोपी नव्हती. १९९५ च्या अखेरीस बनवलेली पहिली चाचणीची गाडी ४९ दिवस जागची हललीच नाही. वरून मुदतही अलीकडे आणली गेली. तरी डिसेंबर १९९७ मध्ये गाडी बाजारात आली.

यातून आपण काय घ्यायचे? मोठ्या कंपनीला माल देणाऱ्याने नमुना करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: या मालाचा जबाबदार माणूस कोण, शेवटची तारीख कोणती, आणि सर्व खाती एकत्र कधी बसणार? चार भावांच्या पेढीतही हेच लागू आहे. सूत एक भाऊ घेतो, रंग दुसरा ठरवतो, विक्री तिसरा पाहतो आणि मशवरा होतो तो माल पडून राहिल्यावर!

पुढच्या वेळी त्याच मिलकडून बोलावणे आले, तेव्हा आम्ही अट घातली, की तिन्ही खात्यांची माणसे एका टेबलावर बसतील तरच नमुना करू. थोडी कुरकुर झाली, पण बसली. दीड तासात सूत बदलले, भाव ठरला, तारीखही मिळाली. त्या सीझनला आमच्या कारागिराचा माग एक दिवसही बंद राहिला नाही.